तेवीस खणांतलं प्रेम

मित्रांनो, चोवीस लहान खण आणि एक लंगडा पाय असलेलं मी एक जुनं लाकडी कपाट आहे. आज माझ्या खणांत बिजागऱ्या, कड्या आणि स्क्रू आहेत. पूर्वी त्यांत प्रेम होतं. हसू नका. खरंच होतं, चिठ्ठ्यांवर लिहून ठेवलेलं.

एका सुताराने मला औषधांच्या दुकानासाठी घडवलं. ते दुकान बंद पडलं, तेव्हा धर्म शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने मला घरी नेलं. मुलं त्यांना आपा म्हणत, म्हणून मीही म्हणतो. इस्लामच्या जुन्या ग्रंथांत, प्रवचनांत आणि दुआंमध्ये देवाचं माणसावरचं आणि माणसाचं देवावरचं प्रेम कशाकशासारखं मानलं आहे, ते आपा शोधत असत.

"प्रेम दिसत नाही, हाताला लागत नाही," त्या मुलांना सांगत. "म्हणून माणसं दिसणाऱ्या गोष्टी उसन्या घेतात." मग त्या माझ्या खणांवरच्या पट्ट्या मुलांकडून वाचून घेत. आग. पाणी. तहान. आजार. बी. वाट. घासून लख्ख केलेला आरसा. असे तेवीस. चोविसाव्या खणात त्यांचा चष्मा असे, आणि तरीही तो रोज शोधावा लागे.

एकदा एका चुणचुणीत मुलीने विचारलं, "आपा, आग पण प्रेम आणि पाणी पण प्रेम? मग विझणार नाही का?"

"तुझ्या घरात चूल आणि माठ दोन्ही आहेत ना? भांडतात का ते?"

"ते नाही भांडत. आई आणि आजी भांडतात."

आपा माझ्यावर रेलून इतक्या हसल्या की माझा लंगडा पाय करकरला.

आता त्यांची कामाची रीत सांगतो, कारण घात तिथेच झाला. प्रत्येक चिठ्ठीवर एक वाक्य, आणि खाली ग्रंथाचं नाव व पान. ती चिठ्ठी कोणत्या खणातली, हे मात्र तिच्यावर लिहिलेलं नसे. "खण आहे की सांगायला," असं त्या म्हणत. आणि बहुतेक वाक्यांत आग किंवा पाणी हे शब्दच नसत. 'आठवण आली आणि मन मऊ झालं.' आता मन मऊ झालं ते कशाने? मेणासारखं आगीने, की मातीसारखं पाण्याने? आपा मागची पानं वाचत, पुढची वाचत. या एका चिठ्ठीला त्यांनी चार दिवस दिले आणि मग ती पाण्याच्या खणात ठेवली. असं चाळीस वर्षं चाललं. वाक्यं तर ग्रंथांत होतीच. ती आपापल्या खणात लावणं, हेच आपांचं काम होतं.

त्यातून त्यांना मुलांसाठी एक पुस्तक लिहायचं होतं. "अजून थोडं जमू दे," म्हणता म्हणता त्यांची दृष्टी गेली.

मग त्यांचा भाचा त्यांना आपल्या घरी न्यायला आला. माणूस प्रेमळ होता. "तुमची भाचेसून रोज एकेक खण उघडून वाचेल, तुम्ही सांगा, ती लिहील. पुस्तक होणार म्हणजे होणार," असं त्याने कबूल केलं होतं. आपांचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला आहे.

हमाल जिन्यात अडले. "साहेब, फार जड आहे. वळणार नाही." तेव्हा भाच्याने माझे खण भराभर एका पोत्यात रिकामे केले. पोत्याचं तोंड पक्कं बांधलं. चष्म्याचा खण हलका होता, तेवढा राहू दिला.

"मावशी, एकही चिठ्ठी हरवली नाही हं," तो नव्या घरी म्हणाला. "मी स्वतः पोत्यात भरल्या."

आपांनी माझा पहिला खण चाचपला. मग दुसरा. मग सगळे. शेवटच्यात चष्मा लागला. तो थोडा वेळ हातात धरून त्यांनी परत ठेवला.

"कुठल्या खणातल्या कुठल्या, ते वेगळं ठेवलंस ना रे?"

"त्यात वेगळं काय? सगळं प्रेमावरचंच आहे ना?"

आपा रागावल्या नाहीत. "हो रे," त्या म्हणाल्या. "सगळं प्रेमावरचंच आहे."

दुसऱ्या दिवसापासून भाचेसून पोत्यातली एकेक चिठ्ठी काढून वाचू लागली आणि आपा खण सांगू लागल्या. काही लगेच आठवत. काहींना मागचं पुढचं पान हवं होतं, आणि ते ग्रंथ दूर, आपांच्या जुन्या शाळेत राहिले होते. अकराव्या दिवशी सुनेने वाचलं, "आठवण आली आणि मन मऊ झालं."

आपांनी ते वाक्य पुन्हा दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "आगीत ठेव."

मित्रांनो, ते चूक होतं. मला ठाऊक होतं. पाण्याचा खण तिच्या हाताखालीच होता. पण लाकडाला बोलता येत नाही.

"मावशी, नक्की?"

"नाही गं. नक्की काहीच नाही. राहू दे आता. बांध ते पोतं."

त्या हिवाळ्यात आपा गेल्या. पोतं भाच्याने टाकलं नाही. माळ्यावर जपून ठेवलं, गाठ पुन्हा घट्ट मारून. मला मात्र घरात जागा नव्हती. या स्क्रू-बिजागऱ्यांच्या दुकानाच्या मालकाने मला विकत घेतलं, निळा रंग दिला आणि पट्ट्या त्याखाली गेल्या.

मित्रांनो, कुणाची वस्तू जपायची असेल, तर आधी तिची जागा विचारा. ते माणूस सांगू शकतं आहे, तोवरच विचारा. नंतर सगळं सुखरूप असतं आणि काहीच उरलेलं नसतं. ती चिठ्ठी पाण्याची होती. त्या खणात आता दीड इंची स्क्रू आहेत. दिवसातून दहा वेळा कुणीतरी तो उघडतं, हवे तेवढे स्क्रू घेतं आणि बंद करतं.