दोन नंबरचं मशीन

त्या धर्मादाय दवाखान्यात डायलिसिसची तीन मशिनं होती आणि रक्त धुवायला येणारे एकतीस जीव. प्रत्येकाला आठवड्याला दोन पाळ्या, एकेक पाळी चार तासांची. रविवारीसुद्धा सुट्टी नाही. बाकड्यावर कायम कोणीतरी पाय सुजवून बसलेलं.

दोन नंबरच्या मशिनाचा रक्त ओढणारा पंप महिनाभर खरखरत होता. देवळालीचा थॉमस तिथला तंत्रज्ञ. त्यानं नवं बेरिंग मागवून कपाटात ठेवलं आणि व्यवस्थापक वाल्मिकरावांकडे एक दिवस मागितला. वाल्मिकराव म्हणाले, रांग दारापर्यंत आली आणि तू चालतं मशीन बंद करतोस? खंडेनवमीला पूजेसाठी मशिनं बंदच असतात, तेव्हा कर.

खंडेनवमीला थॉमस पाना घेऊन आला. तिन्ही मशिनांना झेंडूचे हार, हळदकुंकू, पुढं नारळ. तिसगावच्या केशरबाईंनी स्वतःच्या हातानं पूजा मांडली होती. त्यांचाच जीव दोन नंबरवर चालायचा.

"पूजलेल्या हत्याराला आज हात लावत न्हाईत, बाबा," त्या म्हणाल्या. "तुमच्यात नसंल तसं."

बाकीचे थॉमसच्या हातातल्या पान्याकडं बघू लागले. थॉमसला बोलता आलं असतं. पण चर्चला जाणाऱ्या पोरानं देव बसवलेलं मशीन खोललं, या वाक्याला गावात किती पाय फुटतील ते त्याला ठाऊक होतं. त्यानं पाना खिशात घातला. वर्षातून एकच दिवस मशीन मोकळं, आणि त्याच दिवशी त्याला शिवायचं नाही. असल्या भक्तीला काय म्हणायचं?

अकराव्या दिवशी केशरबाईंना सुया टोचलेल्या असतानाच पंप अडकला. मोटर जळाली, तिच्यासोबत मशिनाचा इलेक्ट्रॉनिक बोर्डही गेला. थॉमसनं हातानं पंप फिरवून त्यांचं रक्त त्यांच्या अंगात परत घातलं. त्या कण्हत म्हणाल्या, "मीच आडवी आले रं."

"मी ऐकलं कशाला, मावशी?"

बेरिंग बदलणं चार तासांचं काम होतं. पुण्याहून बोर्ड यायला सतरा दिवस लागले. तोवर दोन मशिनांवर सगळ्यांना अडीच-अडीच तास. अर्धवट धुतलेलं रक्त घेऊन माणसं एसटीनं घरी जायची. मशीन बंद पडल्यापासून नवव्या दिवशी त्या एकतिसांतले राहुरीचे सुनील मास्तर गेले, चौदाव्या दिवशी केशरबाई. कागदावर कारण लिहिलं, हृदय बंद पडलं.

मशीन सुरू झालं तसे वाल्मिकराव यादी घेऊन आले. दोन जागा रिकाम्या झाल्यात, म्हणाले, वाट बघणाऱ्यांतले दोघं बोलावून घे, मशीन रिकामं ठेवू नकोस.

थॉमसनं यादी घेतली नाही. एक नंबरवरचा पेशंट उतरला तशी त्यानं वीज तोडली आणि मागचं झाकण खोललं.

"आज हे बंद," तो म्हणाला. "पुढच्या सोमवारी तीन नंबर."

बाहेर बाकड्यावरून शिव्या सुरू झाल्या. वाल्मिकराव नोकरीचं काहीतरी बोलत होते. थॉमसनं मान वर केली नाही; या पंपाचं बेरिंगही काळं पडलं होतं.