निळी की हिरवी

"ही तुमच्या भोंग्याची करामत," पोहण्याचे मास्तर म्हणाले आणि त्यांनी डाव्या हाताने खिशातून काळी डबी काढून काउंटरवर ठेवली. उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता, गळ्यात अडकवलेला. "चढावर ऐन वेळी गाडीने मान टाकली. मागे टेम्पो. बाजूला घ्यायला गेलो आणि आडवा झालो. मनगट गेलं. आता पाण्यात उतरता येत नाही, काठावर उभा राहून पोरांवर ओरडतोय."

काउंटरमागे सोनारकाका उभे होते. त्यांच्या घराण्यात कुणी सोनार नव्हतं. जुन्या मोटरसायकलींचे सुटे भाग विकणाऱ्या या दुकानात ते मिसरूड फुटायच्या वयात लागले. नंबर पुसलेला असो की बनवणारी कंपनी बुडालेली असो, पार्ट हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा आणि कुठल्या गाडीचा ते सांगायचं. सोनं पारखल्यासारखं. त्यावरून कुणीतरी त्यांना सोनार म्हणालं आणि ते नाव चिकटलं.

मास्तरांची गाडी खाली वाकून चालवायची, शर्यतीच्या ढंगाची, आता कुठे बनत नाही अशी. तिची ती डबी म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची हे ठरवणारा पार्ट. गाडी दोन तऱ्हांची निघाली होती, आधीची आणि नंतरची. दोन्हींच्या डब्या जुळ्या बहिणींसारख्या. फरक एका वायरचा. आधीच्या गाडीची वायर पिवळ्या रेघेची निळी, नंतरच्या गाडीची पिवळ्या रेघेची हिरवी. एकीची डबी दुसरीला लावली तरी गाडी सुरू होते, दारात उभी असेतो शहाण्यासारखी चालते. जोर मागितला की ठिणगी भलत्या वेळी पडते.

मास्तरांची गाडी नंतरची होती. तिला हिरवी लागते.

"पार्टबद्दल माझं काही म्हणणं नाही," मास्तर म्हणाले. "तो तुम्ही दिलाय. जोडताना त्या भोंग्याने काशी केली."

आतल्या टेबलावरून मालक उठून आले. वयाने काकांच्या मुलासारखे. वडिलांच्या मागे दुकान सांभाळत होते. "काका, आता पुरे झालं. यापुढे त्याच्याकडे गिऱ्हाईक पाठवायचं नाही. आपलं नाव खराब होतंय."

भोंगा म्हणजे मागच्या गल्लीतला मिस्त्री. इंजिनांच्या आवाजात जन्म गेल्याने त्याला हळू बोलता येत नसे. त्याच्या पत्र्याच्या शेडवर पाटी नव्हती. दुकानातून काका पाठवतील तेच त्याचं गिऱ्हाईक. ते बंद म्हणजे त्याची चूल बंद.

काका डबी घेऊन दारापाशी उजेडात गेले. वायर हिरवी दिसत होती. त्यांना बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्यांना लोकर आठवली.

बायकोने मागच्या थंडीत निळ्या लोकरीचा तुकडा देऊन सांगितलं होतं, याच रंगाचा गुंडा आणा. आणला. तिने तो दिव्याखाली धरला आणि हसत सुटली. "माझ्या भावाच्या स्वेटरला एक बाही हिरवी घालू का? सिग्नल वाटेल." काका म्हणाले, दुकानात उजेड कमी होता. तसा तिथे उजेड चांगला होता. हे त्यांना तेव्हाही माहीत होतं, पण तो विचार त्यांनी पुढे जाऊ दिला नव्हता.

दुपारी ते डबी घरी घेऊन आले आणि ताटावर बसण्याआधी बायकोपुढे धरली.

"ही वायर कुठल्या रंगाची?"

"निळी. वर पिवळी रेघ आहे."

"नीट बघ."

"निळीला निळीच म्हणणार ना. का हो?"

काका जेवले नाहीत. तिने दोनदा विचारलं, मग ताट झाकून ठेवलं.

परत आल्यावर त्यांनी मालकांना गाठलं. "चूक माझी आहे. मी आधीच्या गाडीची डबी दिली. भोंग्याचा काही दोष नाही."

मालक गालातल्या गालात हसले. "तुमची चूक? काका, मी चड्डीत होतो तेव्हापासून बघतोय तुम्हाला. मित्राला पाठीशी घालताय."

"डबी बघा ना. निळी आहे."

"मग भोंग्याने बदलली असेल. तुमची चांगली डबी ठेवून घेतली आणि शेडमधली जुनी लावली. हे लोक करतात तसं."

काका सांगायला गेले होते एक आणि झालं भलतंच. सकाळपर्यंत भोंगा गचाळ होता, आता चोर ठरला होता. आणि काकांचा शब्द आजवर कधी खोटा पडला नव्हता, म्हणूनच त्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

त्यांनी खालचा खण ओढला. त्यात वायरींचे उरलेले तुकडे असत. मूठभर निळे आणि हिरवे त्यांनी काउंटरवर ओतले. "इथे उभे राहा," ते मालकांना म्हणाले. "निळे डावीकडे लावतो, हिरवे उजवीकडे."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. एकजण म्हणाला, "काका, शाळा उघडली का?" काकांनी मान वर केली नाही. ते एकेक तुकडा डोळ्यांजवळ नेत, मग लांब धरत, मग खाली ठेवत. पहिल्या काही तुकड्यांनंतर डावीकडच्या ढिगात हिरवे दिसू लागले होते. उजवीकडे तर निळेच जास्त.

"काका, असू दे," मालक हलक्या आवाजात म्हणाले.

"थोडे राहिलेत."

शेवटचा तुकडा काकांनी डावीकडे ठेवला. योगायोगाने तो बरोबर होता.

संध्याकाळी ते मागच्या गल्लीत गेले. भोंगा उकिडवा बसून साखळीला तेल देत होता. मालकांनी माणूस पाठवून त्याला सगळं कळवलं होतं.

"या सोनार," तो गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. माझा कापून नेलात."

"मालकांना सांगितलंय मी. तुझं काम चालू राहील."

"कामाचं कोण बोलतंय? मी जोडताना वायर बघितलीसुद्धा नाही. का? तर तू दिलीस म्हणून. तुझ्या डोळ्यांच्या भरवशावर मी माझे मिटून घेतले रे. त्या मास्तराचं मनगट मोडलं, मान मोडली असती तर?"

भोंग्याने तेलाची कुपी खाली ठेवली.

"कधीपासून दिसत नाही?"

"दिसतं सगळं. फक्त निळं आणि हिरवं..."

"मग मला सांगायचं होतंस. निळीला खुणेची गाठ मारून दिली असती." भोंग्याने फडकं आपटलं आणि पाठ फिरवली. काका उभेच राहिले. बसायला तिथे एक जुनं टायर होतं, नेहमीचं. बस असं तो म्हणाला नाही.

बायको त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, डॉक्टर म्हणाले. हे आतल्या पडद्याचं आहे, आहे तेवढं जपा. येताना बसमध्ये ती म्हणाली, "लोकर आता मीच आणेन," आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

मालक भले माणूस. त्यांनी काकांना काढलं नाही. मागच्या भिंतीशी एक टेबल लावून दिलं, नट, बोल्ट, वायसर मापाप्रमाणे वेगळे करायला. त्याला रंग लागत नाही. काउंटरवर मालकांची पुतणी बसू लागली. हुशार मुलगी. पार्टचा फोटो काढून कुठे कुठे पाठवायची आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायची. गिऱ्हाइकं आधी सवयीने मागे जात, काका बोट करून त्यांना तिच्याकडे वळवत. पुढे वळवावं लागेनासं झालं.

भोंगा दुकानात येत नव्हता. काम असलं की कुणाच्या तरी हाती पार्ट पाठवायचा.

एक दिवस चहावाला फडक्यात बांधलेली पुडी देऊन गेला. पुतणीने ती सोडली. आत शर्यतीच्या गाडीची जळलेली डबी होती, वायरींचं जंजाळ लोंबत होतं.

"हे काय? काका, या मिस्त्रीने एका वायरला गाठ मारून ठेवलीय. घट्ट आहे हो. कशाला मारली असेल?"

काकांच्या हातातला वायसर तसाच राहिला. टेबलावरून काउंटर लांब होतं. तिथून डबी म्हणजे नुसता काळा ठिपका होता.

"ती निळी असेल," ते म्हणाले.

"अय्या, हो. निळीच. तुम्हाला तिथून दिसलं?"

"नाही."

तिने डबी फोटोसाठी सरळ मांडली आणि वायरी नीट दिसाव्यात म्हणून नखाने ती गाठ सोडवू लागली. काकांनी हातातला वायसर बोटांत फिरवून बघितला, त्याच्या मापाच्या डब्यात टाकला आणि पुढचा उचलला.