तोलगुरूंनी वाढवलेला पाय

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. काठी टेकणारे, मानेला पट्टा बांधलेले, आणि त्यांना धरून आणणारे नातेवाईक जिन्यापर्यंत बसले होते. मंचावर एक खुर्ची, तिच्या बाजूला बुटकं स्टूल, आणि स्टुलावर पांढऱ्या सदऱ्यातले तोलगुरू.

“शरीर म्हणजे तराजू,” ते माइकवर सांगत होते. “एक पारडं खाली गेलं की दुखणं वर येतं. डॉक्टर दुखणं बघतात. मी पारडं बघतो.”

पाठोपाठ कंपनं आली, चुंबकत्व आलं, पृथ्वीचा आसही आला. मी शाळेत विज्ञान शिकवतो. यातला एकेक शब्द मुलांना समजावताना माझा घसा बसतो. गुरूंना तशी काही अडचण नव्हती, कारण समजावायचं काहीच नव्हतं.

खुर्चीवर माझी चौदा वर्षांची भाची बसली होती. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून घरात तिचं नाव भिंगरी पडलं होतं. गेल्या वर्षभरात ती भिंगरी थांबली होती. आधी गुडघे दुखायला लागले, मग घोटे, मग मनगटं. सूज नाही, ताप नाही, पण संध्याकाळी कठडा धरल्याशिवाय तिला जिना चढवेना, आणि लिहिताना अर्ध्या पानात ती पेन खाली ठेवून हात झटकायची. रक्त तपासलं, एक्स-रे काढले. सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी वाढीचं वय आहे म्हणून सोडून दिलं, दुसऱ्यांनी मनाचं असेल म्हटलं. शाळेतल्या खेळाच्या बाई तर तोंडावर नाटकी म्हणाल्या.

मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तेवढ्या वेगळं बोलल्या. कारण अजून सापडलेलं नाही, पण रोज हलका व्यायाम, वेळेवर झोप आणि जमेल तेवढी शाळा चालू ठेवा, आणि मला दाखवत राहा, असं त्यांनी सांगितलं होतं. ताईला, म्हणजे भिंगरीच्या आईला, हे उत्तर पचेना. कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर शिलाई मशीनवर बसून आल्यावर ती लेकीचे पाय चेपत बसायची. काचेच्या दुकानात काम करणारे भाऊजी लेक कण्हायला लागली की घराबाहेर जाऊन उभे राहायचे. अशात कारखान्यातल्या कुणीतरी तोलगुरूंचं नाव काढलं. ‘कारण सापडलं’ असं म्हणणारा हा पहिलाच माणूस होता.

गुरूंनी भिंगरीच्या दोन्ही टाचा हातांत धरून पाय समोर उचलले. बुटांचे तळ लोकांच्या दिशेने वळले. उजवा पाय डाव्याहून चांगला दोन बोटं आखूड दिसत होता. हॉलभर हळहळ पसरली.

“एवढ्या मशिनी,” गुरू म्हणाले, “एकीला तरी दिसलं का हे?”

मग तिला डोळे मिटायला सांगून ते काहीतरी पुटपुटले, आणि आमच्या देखत उजवा पाय हळूहळू वाढत डाव्याला येऊन मिळाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. भिंगरी उठली, मंचावर चालली आणि कठडा न धरता जिना उतरली. ताई रस्त्यावरच तिला मिठी मारून रडली.

पाय असा वाढत नसतो हे मला पक्कं माहीत होतं, पण युक्ती कुठे आहे ते काही केल्या दिसलं नव्हतं. घरी टेपने दोन्ही पाय मोजू या, असं मी ताईला सुचवलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी टेपचा विषय सोडला.

आठवड्याच्या आत दुखणं परत आलं. ताई-भाऊजी तिला घेऊन गुरूंकडे पुन्हा गेले, पाय पुन्हा आखूड निघाला, पुन्हा वाढला. या वेळी गुरूंनी दोन गोष्टी सांगितल्या. व्यायामाने तोल बिघडतो, तेव्हा तो पूर्ण बंद. आणि घरात कुणीतरी शंका घेतंय, त्याची सावली मुलीवर पडतेय. ती सावली कुणाची, हे ताईला विचारावं लागलं नाही. तिने फोन करून मला काही दिवस घरी येऊ नकोस म्हणून सांगितलं. ती रागावलेली नव्हती. अक्षरशः विनवत होती. त्यावर मी काय वाद घालणार?

मग भिंगरी पलंगालाच खिळली. शाळा सुटली, मैत्रिणी यायच्या थांबल्या. पडून पडून पायांतली ताकद गेली, आणि न्हाणीघरापर्यंत जायलाही तिला आधार लागायला लागला. शेवटी भाऊजी माझ्या शाळेत आले. शिक्षकांच्या खोलीत बराच वेळ हातातला पाण्याचा ग्लास फिरवत बसले आणि म्हणाले, “भिंगरीनेच बोलावलंय तुला. माझं तर डोकं चालत नाही.”

मी गेलो तेव्हा ताई नुकतीच कामावरून आली होती, पायांत अजून बूट होते. भिंगरी भिंतीला धरून उठली, आईला खुर्चीवर बसायला सांगितलं, तिच्या बुटांच्या नाड्या सैल केल्या आणि स्वतः खाली बसून तिच्या टाचा हातांत धरल्या.

“मामा, तू समोरून बघ. उजवा पाय आखूड आहे ना?”

होता. दोन बोटं आखूड. मग माझ्या डोळ्यांसमोर तो हळूहळू वाढला आणि डाव्याला मिळाला.

“उजव्याला मी काहीच केलं नाही,” भिंगरी म्हणाली. “डावा बूट आधी टाचेतून थोडा बाहेर ओढला होता. मग हळूच परत आत ढकलला. सगळे उजव्याकडे बघतात, म्हणून तोच वाढल्यासारखा वाटतो. हॉलच्या दारात गुरूंची माणसं ऊर्जा मोकळी व्हावी म्हणून सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या सोडतात, ते यासाठी. मला पहिल्याच दिवशी पायाला कळलं होतं.”

मग ताईने अगदी हळू आवाजात विचारलं, “मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तू इतकी खूश होतीस,” भिंगरी म्हणाली. “मला वाटलं, चालून दाखवलं तर तू तशीच राहशील.”

“म्हणजे तेव्हाही दुखत होतं?”

“थोडं कमी वाटलं होतं. सगळे टाळ्या वाजवत होते ना. पण जिना उतरताना खूप दुखलं.”

ताई बूट न काढता तशीच बसून राहिली. भाऊजी नेहमीप्रमाणे दाराकडे गेले, पण बाहेर पडले नाहीत. उंबऱ्याशी थांबून मागे वळले आणि लेकीला उचलून पलंगावर ठेवलं.

पुढच्या बैठकीला आम्ही सगळे गेलो. भिंगरीची पाळी आली तेव्हा ताईने स्वतः तिचे बूट-मोजे काढले आणि आता पाय वाढवून दाखवा, असं शांतपणे सांगितलं. अनवाणी पायातून ऊर्जा जमिनीत जाते, असं गुरू म्हणाले. पाय तर हवेत असतात, असं मी म्हणालो. दोन-चार जण हसले, पण बाकीचे आमच्यावरच चिडले. वेळ खाऊ नका, विश्वास नसेल तर चालते व्हा, अशी ओरड झाली. लोकांना आम्ही चोर वाटलो, त्यांच्या हातातलं काहीतरी हिसकावणारे. फक्त मागच्या रांगेतली एक बाई उठली आणि आपल्या मुलीला घेऊन आमच्यामागून जिना उतरली.

डॉक्टरीणबाईंनी बंद केलेल्या व्यायामाबद्दल बोल लावला नाही. पहिल्यापासून पुन्हा सुरू करायला लागेल, वेळ लागेल, एवढंच म्हणाल्या. ताईने दुखण्याचं नाव विचारलं. “अजून माहीत नाही,” त्या म्हणाल्या, “पण तिला दुखतंय हे खरं आहे. ते मी कागदावरही लिहून देते, शाळेसाठी.”

भिंगरी बरी झालेली नाही. कधी शाळेत जाते, कधी दुपारीच परत येते. वाईट दिवशी ताई तिच्याजवळ बसते आणि कसं वाटतंय हे न विचारता पाय चेपते. मुलगी आता बरं असल्याचं सोंग आणत नाही, आमच्या घराने कमावलं ते एवढंच.

ताई-भाऊजींसारखे आईबाप अजून त्या जिन्यांवर बसलेले असतील, त्यांना माझं सांगणं आहे. कारण सापडत नाही, म्हणून कुणीही दिलेलं कारण खरं ठरत नाही. जो क्षणात बरं करतो, त्याला पुन्हा करून दाखवायला सांगा, उजेडात, तुमच्या अटींवर. जो ‘मला माहीत नाही’ म्हणतो आणि तरी पुढच्या वेळी या म्हणतो, त्याच्याकडे पुन्हा जा. आणि लेकराला दुखतंय का, हे लेकरालाच विचारा, आणि ते जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा.