घर करून राहणारा काटा

तिजानीला लोकांनी खजुरीवरून दोराने खाली उतरवलं, धान्याचं पोतं उतरवतात तसं, आणि त्या दिवसापासून वाळवंटाकाठच्या नफ्ता गावच्या बागांमध्ये त्याचं नावच 'पोतं' पडलं. गावाला दुसरं काम काय? हा माणूस पोरवयापासून अनवाणी पायांनी झाडं चढत आला, तेव्हा कुणी त्याला नाव ठेवलं नाही. एकदा वर असताना रक्तातली साखर उतरली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो बुंध्याला मिठी मारून थिजला, तेवढं मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

थोरला भाऊ बशीर त्याच संध्याकाळी घरी आला आणि खुंटीवरचा कमरेचा दोर काढून घेऊन गेला. "आता वर जायचं नाही," जाता जाता म्हणाला, "खाली सावलीत बसून नराच्या फुलांचे तुरे निवड." बाग दोघांची सामाईक. पण बशीर जन्मात कधी झाडावर चढला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याची हयात गेली. त्याने लझहर नावाचा एक तरणाबांड चढणारा ठरवला आणि या बहाराला त्याचं काम चांगलं झालं तर त्यालाच कायमचा ठेवू, असं चारचौघांत सांगूनही टाकलं.

बहाराचे दिवस कुणासाठी थांबत नाहीत. मादी झाडाची पोय, म्हणजे फुलांचा कोंब, फुटली की दोन-चार दिवसांत वर जाऊन नराचा तुरा तिच्यात खोचायचा आणि झावळीच्या पात्याने बांधायचा. नाहीतर त्या घडाला पोचट, बिनबियांची फळं धरतात, ती बकऱ्याही नाक मुरडून खातात. वर पोया फुटत होत्या आणि तिजानी खाली बसून तुरे निवडत होता. त्याचा जीव नुसता तळतळत होता.

जवळच्या तोजर शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला झाडावर चढायचं असेल तर दंडाला साखर मोजणारा सेन्सर हवा. साखर उतरायला लागली की तो आधीच फोनवर ओरडून सांगतो. सेन्सर नाही, तर चढणंही नाही. तिजानीची मुलगी नेजमा तिथेच एका औषधाच्या दुकानात कामाला होती. सुट्टीला येताना ती दोन सेन्सर घेऊन आली.

तिजानीने सेन्सर लावायचं ते पांढरं डबडं उलटसुलट करून पाहिलं. आत सुई दिसली आणि त्याने ते निखारा असल्यासारखं खाली ठेवलं.

"ही आत राहणार?"

"सुई नाही राहत, बाबा. ती परत डबड्यात जाते. केसाएवढा एक धागा राहतो. दोन आठवडे."

"राहतो ना? मग झालं तर!"

"अरे, दिवसातून चार वेळा पोटाला सुई टोचून घेतोस की!" त्याची बायको मबारका चुलीपाशी होती, तिथूनच कडाडली.

"ती पाहुणी आहे. येते, जाते. ही घर करून राहणार."

"आभाळाला टेकलेल्या झाडावर चढतोस, आणि बटणाएवढ्या वस्तूला घाबरतोस?"

"झाडावरून पडलो तर एकदाच मरेन," तिजानी म्हणाला आणि चप्पल अडकवून बाहेर गेला.

या गोष्टीला कुणी हसू नये. झावळीच्या बुडाशी जे काटे असतात ते वीतभर लांब आणि खिळ्यासारखे टणक. टोचला आणि निघाला तर चढणारा त्याच्याकडे लक्षही देत नाही. पण आत मोडला तर तो बाहेर येत नाही. तिजानीच्या बापाच्या गुडघ्यात असाच एक मोडला होता. गुडघा सुजला, सूज उतरली, पुन्हा सुजला, आणि शेवटी पाय लाकडासारखा ताठ झाला. बाप मरेपर्यंत तो पाय ओढत चालला. म्हणूनच तिजानीला मिसरूड फुटण्याआधी झाडावर चढावं लागलं. त्याला टोचण्याची भीती नव्हतीच. आत काही राहून जाण्याची होती.

दुसऱ्या दिवशी मबारकाने त्याच्या नकळत ते डबडं त्याच्या कोटाच्या खिशात सरकवलं. तिजानी बागेत पाऊल टाकतो न टाकतो तोच वरून लझहरची आरोळी आली, "आलं रे आलं, पोतं आलं! कुणीतरी सावलीत ओढा त्याला, ऊन लागेल!"

शेजारच्या बागांमधून हसणं ऐकू आलं. तिजानीने रागाने मुठी खिशात कोंबल्या, तर हाताला डबडं लागलं. मग त्याचं डोकंच फिरलं. झाकण काढून त्याने ते डबडं समोरच्या खजुरीच्या बुंध्यावर दाणकन दाबलं. खटका वाजला.

"घे! हिची मोज! हिच्यात माझ्याहून जास्त साखर आहे!"

लझहर वर हसून हसून झाडाला लोंबकळला. पण मागून जेवणाचा डबा घेऊन नेजमा येत होती. तिने सगळं पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आता एकच उरलाय, बाबा," ती हळू आवाजात म्हणाली. "तोही लाव झाडाला. आणि मग बस इथंच, हसू दे सगळ्यांना." डबा ठेवून ती आईकडे निघून गेली.

तिजानी बराच वेळ त्या झाडासमोर उभा राहिला. लाज वाटत होती, पण मोडलेला काटा शोधायची सवय लाजेपेक्षा जुनी होती. नखाने उचकटून त्याने ती चकती सोडवली. आधी डबड्यात पाहिलं. सुई अख्खी होती आणि जागच्या जागी परत गेली होती. मग चकती उलटी केली. खाली एक बारीकसा धागा होता. टणक सालीत शिरता न आल्यामुळे तो आडवा पडला होता. त्याने तो नखाने सरळ केला, पुन्हा वाकवला, या बाजूला, त्या बाजूला. मोडला नाही. काटा वाकत नाही, म्हणूनच तो मोडतो. हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. फक्त या धाग्याला बोट लावून पाहायचं त्याच्या मनात आलं नव्हतं.

म्हणून भीती गेली असं नाही. कळणं डोक्यात असतं आणि भीती पोटात, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नसतं.

संध्याकाळी बशीर घरी येऊन बसला. चहा पिता पिता मोठ्या समजूतदारपणे म्हणाला, "कशाला जिवाला त्रास करून घेतोस? तुला नाही झेपणार ते. लझहरला मी उद्या शब्द देऊन टाकतो. तू खाली बस, दोन घास खा, देवाचं नाव घे."

तिजानीला त्याच्या रागाचं काही वाटलं नसतं. ही दया मात्र त्याला मिरचीसारखी झोंबली. तो ताडकन उठला.

"नेजमा! ते दुसरं आण."

"आणते. मी लावून देऊ?"

"नको. दंड माझा, भीती माझी. मीच लावणार. आणि दादा, तू जाऊ नकोस. बस. बघ."

नेजमाने दंडाची मागची बाजू औषधाच्या बोळ्याने पुसली. तिजानीने डबडं टेकवलं. त्याने ते उचललं, पुन्हा टेकवलं, पुन्हा उचललं. कपाळावरून घाम गालावर उतरला. बशीरने तोंड उघडलं, तशी मबारका त्याच्याकडे वळून म्हणाली, "एक शब्द बोललास, दादा, तर हा उकळता चहा तुझ्या मांडीवर ओतेन."

तिजानीने डोळे मिटले, मग उघडले. मिटून काही करायची त्याला सवय नव्हती. दात आवळून त्याने दाबलं. खटका वाजला.

तो कळ येण्याची वाट बघत राहिला. कळ आलीच नाही.

"झालं?"

"झालं, बाबा."

त्याने दंडावरच्या चकतीवरून अलगद बोट फिरवलं आणि मग हा दांडगा बाप्या सगळ्यांसमोर हमसून हमसून रडला. त्याला त्याची जराही लाज वाटली नाही.

पहिला दिवस यंत्राचे आकडे पक्के धरायचे नाहीत, बोटातून रक्त काढून ताडून बघायचं, असं नेजमाने बजावलं होतं. त्याने कुरकुरत का होईना, ऐकलं. आकडे जुळायला लागले तसा तो भल्या सकाळी बशीरच्या दारात जाऊन उभा राहिला.

"दोर दे."

"अरे, पण डॉक्टरीणबाई..."

"बाईंनी जे लावायला सांगितलं ते लावलंय. तुझ्या मनातली भीती काढायचं यंत्र निघालं की तेही लावू. दोर दे."

त्याने बागेतली सगळ्यात उंच खजुरी निवडली. फोन गळ्यातल्या पिशवीत, साखरेचे खडे खिशात, तुरे पाठीच्या झोळीत. छाटलेल्या झावळ्यांच्या खुंटांवर पाय ठेवत तो चढत गेला आणि शेंड्याला पोचताच त्याने लांबलचक हाळी दिली. वर चढलेल्याने अशी हाळी द्यायचीच असते, म्हणजे आसपासच्या अंगणांतल्या बायकांना वर पुरुष आहे हे कळतं. पण त्या सकाळी बायकांनी डोक्यावर पदर घ्यायच्या आधी एकमेकींना विचारलं, "हा तिजानी का गं?"

त्याने एक पोय बांधली. दुसरी बांधली. तिसरीला हात घालणार, एवढ्यात गळ्यातला फोन किंचाळला. आकडा खाली चालला होता.

"बघ! सांगितलं नव्हतं?" खालून बशीर ओरडला. शेजारच्या झाडावरून लझहर खिदळला, "पोतं भरलं रे! दोर आणा!"

तिसरी पोय हाताशी होती. 'एवढी एक बांधतो आणि उतरतो' असंच त्या दिवशीही त्याने स्वतःला सांगितलं होतं. त्याने पोय सोडली. साखरेचे खडे तिथेच तोंडात टाकून चावले आणि एकेक खुंट चाचपत, कुणाचा हात न घेता, तो आपल्या पायांनी जमिनीवर आला. बुंध्याला टेकून बसला, आणखी एक खडा चघळला.

"संपलं," बशीर म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. "आण तो दोर."

तिजानीने दोर मांडीखाली घेतला आणि फोनकडे बघत राहिला. बशीर बोलत होता, लझहर चिडवत होता, कुंपणापलीकडे माणसं जमली होती. त्याने कुणाकडेही पाहिलं नाही. आकडा थांबला. मग वर सरकला. आणखी सरकला. चांगला स्थिर झाल्यावर तो उठला, कपडे झटकले आणि दोर पुन्हा बुंध्याभोवती फिरवून कमरेला बांधला.

"अरे तिजानी," वरून लझहर ओरडला, पण आता तो हसत नव्हता, "एकाच झाडावर कितीदा चढणार तू?"

तिजानीने पहिल्या खुंटावर पाय ठेवला.

"जितक्यांदा उतरेन, तितक्यांदा!"