भिंतीकडच्या खुर्च्या

“बघा, पुन्हा तेच! भिंतीकडच्या खुर्च्या संपल्या. आपण ऊन डोक्यावर घेत यायचं, आणि डोकं टेकायला जागा कुणाला? तर ज्यांचं घर समोरच आहे त्यांना,” लतिका सुभद्राकाकूंच्या कानाशी पुटपुटली.

काकूंनी आपली पिशवी आधीच खांबाजवळच्या खुर्चीवर टाकली होती. खांब भिंतीइतका रुंद नसतो, पण मान एका बाजूला कलली तर धरून ठेवतो.

विधायकाच्या सभेत लोक पुढच्या रांगेसाठी भांडतात, निदान फोटोत तरी यावं म्हणून. देवासच्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये भांडण मागच्या भिंतीसाठी असे. महिन्यातल्या एका रविवारी, दुपारची जेवणं झाली की विधायक अजेयभिया इथं येत. विधानसभेत कोणता कायदा झाला, वॉर्डात कोणतं शिबिर भरलं, कुठल्या बागेला कुंपण लागलं, सगळं कागदावरून वाचून दाखवत. निवडणुकीत त्यांनी तसा शब्द दिला होता, आणि बिचारे शब्द पाळत होते. हात उडवणं नाही, विरोधकांना टोमणा नाही, मधेच एखादा शेर नाही. लांबून ऐकू येणाऱ्या पिठाच्या चक्कीसारखा सलग, उबदार आवाज. पहिल्याच बैठकीत समाजाचे अध्यक्ष शालिग्रामकाका घोरले. दुसऱ्या खेपेला अर्धी रांग त्यांच्या सोबतीला गेली. त्यानंतर गर्दी वाढतच राहिली.

अजेयभियांना यातलं काही ठाऊक नव्हतं. वाचताना ओळीखाली बोट धरायचे आणि ते बोट सोडून नजर कुठं हलू द्यायचे नाहीत. वाचून झालं की एक क्षण नुसता पंखा ऐकू येई, मग कुणीतरी भानावर येऊन टाळी वाजवी, आणि सगळा हॉल दचकून, अगदी मनापासून टाळ्या पिटे. एकदा मात्र त्यांनी मधेच वर पाहिलं होतं. तेव्हा ते भारावून म्हणाले होते, “बाकी ठिकाणी लोक मोबाइल बघतात. तुम्ही डोळे मिटून ऐकता. ही आपली जुनी तहजीब आहे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. काहींच्या तशाही डोलत होत्या.

बाकीच्यांची ती रविवारची डुलकी होती. काकूंची मात्र महिनाभरातली तेवढीच खरी झोप. त्यांचे यजमान मानसिंगराव नोटा छापायच्या नोट प्रेसमध्ये होते, सदा रात्रपाळीला. रात्र काकूंनी कूस बदलत काढायची. दुपारी ते खाटेवर आडवे होऊन पेपर मोठ्यानं वाचायचे, बदनावर गावच्या मंडीतले सोयाबीनचे भाव, निविदा, हरवले-सापडले, आणि त्या आवाजावर काकूंचा डोळा लागायचा. मानसिंगराव गेले तसा तो आवाजही गेला. डॉक्टरांच्या गोळीनं पापण्या मिटत, झोप येत नसे. टीव्ही लावून पाहिला, तर तो रात्रभर भांडे. मग एका रविवारी लतिकेनं ओढून इथं आणलं, आणि चौथ्या-पाचव्या वाक्याला काकू गेल्या त्या टाळ्यांनाच परत आल्या.

“तर आता उघड्या बोरिंगबद्दल,” अजेयभिया वाचू लागले. “ज्यानं खोदलं, त्यानंच झाकलं पाहिजे. नाही झाकलं, तर दंड…”

काकूंची मान खांबाला टेकली.

उघडं बोरिंग त्यांच्या माहेरी होतं, धारला, तलावाच्या काठी. काकूंनी वाकून पाहिलं, तर आत पाणी नव्हतं, दुपार होती. खोल, पिवळी, गार दुपार. कुणीतरी तिच्यावर झाकण म्हणून सूप ठेवलं होतं. “जमिनीच्या नामांतरणासाठी आता तहसीलच्या फेऱ्या नकोत,” असा वरून कुठून तरी आवाज आला, तशी तलावातली बदकं नावं बदलून घ्यायला एकामागे एक काठावर आली. मांडूचं ते पोट सुटलेलं गोरखचिंचेचं झाड ओला पाला एकीकडे, सुका एकीकडे गाळत होतं आणि कुणी पाहतंय का याकडे लक्ष ठेवून होतं. गंधवानीकडच्या रस्त्याला मंजुरी मिळाली. मिळाल्याबरोबर रस्ता उठला, त्यानं अंग झटकलं, आणि टेकड्या ओलांडत चालत धारपर्यंत आला. दमला होता. काकूंनी त्याला तांब्याभर पाणी दिलं. त्याच रस्त्यावरून मानसिंगराव आले, हातात डबा, भर उजेडात.

“पाळी बदलली वाटतं?” काकूंनी विचारलं.

“नवा कायदा झालाय ना,” ते म्हणाले, “आता रात्री घरीच,” आणि चपला काढून, खाटेवर टेकून त्यांनी पेपर उघडला…

टाळ्या.

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. अजेयभिया कागदाची घडी करत होते, पण आज ते लगेच खाली उतरले नाहीत. त्यांच्या शेजारी त्यांचं मोबाइलचं काम पाहणारा अंशुल उभा होता.

“एक सांगायचं राहिलं,” अजेयभिया म्हणाले. “आजची ही शेवटची बैठक. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांच्या फोनवर एका मिनिटाची रील येईल. अंशुल बनवणार. तुम्हाला उन्हाचं यायला नको.”

हॉल एकदम पूर्ण जागा झाला.

“पण आपण नवीन खुर्च्या घेतल्यात, गादीवाल्या!” शालिग्रामकाका म्हणाले.

“त्या लग्नाला कामी येतील, काका.”

“आमच्या गल्लीत नेटवर्क नाही येत भिया,” लतिका म्हणाली.

“लतिकाताई, काल तुम्हीच मला साबुदाण्याच्या पापडांचा व्हिडिओ पाठवलात.”

“एका मिनिटात काय होतं हो?” मागून कुणीतरी कळवळून म्हणालं. “एका मिनिटात तर नीट पाठसुद्धा टेकत नाही.”

अंशुलला हसू आलं. अजेयभियांना आलं नाही. त्यांनी कागदाची घडी पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

“खरं सांगू? मागच्या वेळी डोळ्यांच्या शिबिराचं वाचलं होतं. तारीख, जागा, पूरी जानकारी. इंदूरहून डॉक्टर आले. संध्याकाळपर्यंत खुर्च्या मांडून बसले. या हॉलमधून एक माणूस आला नाही. कुणाला गरज नसती तर गोष्ट वेगळी. शालिग्रामकाकांचा मोतीबिंदू तर मला लांबून दिसतो. म्हणजे माझ्याच सांगण्यात खोट आहे. मी हिंदी शाळेतला. मराठी आईकडून लिहून घेतो, घोकतो, तरी बोट सुटलं की ओळ चुकते. तुम्ही सगळे समजूतदार, म्हणून बोलत नाही. पण समजत तर नाहीच ना कुणाला?”

शालिग्रामकाका चष्मा पुसू लागले. लतिकेनं पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. भिंतीकडची रांग आपापल्या चपलांकडे बघत बसली.

काकूंनाही तेच करता आलं असतं. सांगितलं तर हा माणूस भर सभेत ओशाळेल, पुन्हा या हॉलची पायरी चढणार नाही. नाही सांगितलं तर आईच्या हातचे ते कागद घेऊन, आपलं मराठी वाईट म्हणून, मान खाली घालून जाईल. जायचा तो दोन्हीकडून जाणारच होता, आणि त्याच्याबरोबर तो रस्ता, तो डबा, ती खाट. काकू खांबाचा आधार घेऊन उठल्या.

“अजेय,” त्या म्हणाल्या. भिया म्हणायचं राहूनच गेलं. “तुझ्या सांगण्यात काही खोट नाही रे बाळा. आम्ही ऐकतच नाही. इथं आम्ही झोपतो. सगळेच. हे अध्यक्ष तर घोरतात. शिबिराचं आम्हाला दारातच सांग, उभ्याउभ्या, चहा हातात असताना, म्हणजे डोक्यात राहील. पण मग आत येऊन सगळं परत वाच, असंच, बोट धरून. आमचे हे गेल्यापासून घरात मला झोप नाही. तू वाचायला लागलास, की वाटतं घरात कुणीतरी आहे.”