कुत्र्याचं लिहा

चांगली जाहिरात शंभर जणांना बोलावत नाही, एकालाच बोलावते, आणि तो एक येतोच, असं आमचे जुने साहेब मिस्टर हॅलोरन म्हणत. पोर्ट ऑगस्टातल्या आमच्या, कामाला माणसं मिळवून देणाऱ्या दोन खोल्यांच्या ऑफिसात त्यांनी माझ्या टेबलासमोर एक लाकडी खुर्ची ठेवून दिली होती, आणि तिच्यावर कुणालाही बसू द्यायचं नाही असा दंडक होता. नोकरीची जाहिरात लिहायला घेतली की त्या खुर्चीवर मनातल्या मनात एक खराखुरा, आपल्या ओळखीचा माणूस आणून बसवायचा आणि त्याच्याशी बोलावं तसं लिहायचं. माशा असतील तर माशा आहेत म्हणून सांगायचं, काही लपवायचं नाही. बाकीचे लोक ‘मेहनती, प्रामाणिक, होतकरू’ असं लिहीत आणि मग आलेल्या खोगीरभरतीकडे बघून नाकं मुरडत. माझ्या जाहिरातीला एकच अर्ज यायचा. मला त्याचा गर्व होता आणि तो मी कधी लपवला नाही.

वॉरल डाउन्सचा पहिला फोन चार वर्षांपूर्वी आला. उत्तरेला तीनशे किलोमीटरवरचं मेंढ्यांचं रान, मालकीण मिसेस टॅपस्कॉट. बोअरचे पंप आणि पाण्याच्या टाक्या रोज फिरून बघेल, असा एकटा राहणारा माणूस तिला हवा होता. मी खुर्चीवर माझ्या धाकट्या भावाला, डेसला बसवलं. तो तेव्हा बंदरावर क्रेन चालवायचा. बायको, घर, बिस्किट नावाचा तांबडा कुत्रा, सगळं जागच्या जागी होतं, त्यामुळे तो तिथे जाण्याचा प्रश्नच नव्हता. पण बिघडलेल्या इंजिनाशी गप्पा मारत मारत ते दुरुस्त करणारा दुसरा माणूस मला माहीत नव्हता. मी लिहिलं, ‘इंजिनाशी गप्पा मारत ते दुरुस्त करणारा भला माणूस हवा. फोन फक्त टाकीच्या टेकडीवर लागतो. संध्याकाळी बोलायला कुणी नसेल. हे वाचून ज्याला बरं वाटलं, त्यानेच यावं.’

टॉमी व्हेल नावाचा एकच जण आला, सोबत त्याचा कुत्रा. दाराजवळच्या बाकावर बसून बोलता बोलता तो टोपी गुडघ्यावर घासत होता. डेसची अगदी हीच सवय. मी मनात हसले आणि त्याला पाठवून दिलं.

अकरा महिन्यांनी पुन्हा फोन आला.

“बाई, जाहिरात लिहायची आहे.”

“का हो, टॉमी सोडून गेला?”

“माणूस चांगला होता,” मिसेस टॅपस्कॉट म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसा. “आणि कुत्र्याचं लिहा. एक कुत्रा इथे आहे, त्याला सांभाळावं लागेल.”

या कामातली माणसं एक दिवस उठतात आणि चालू लागतात, त्यात नवल नाही. पण कुत्रा मागे ठेवून गेलेला मी कुणी पाहिला नव्हता. तरी मी डेसला खुर्चीवर बसवलं आणि जाहिरात लिहिली. या वेळी क्लेम हार्डी आला, ठेंगणा, लाल दाढीचा, डेसशी नखाचंही साम्य नसलेला. त्याच्याही मागे कुत्रा होताच. कागदांवर सह्या करून तो दारापर्यंत गेला, वळला आणि म्हणाला, “बरंय भिंगरी, येतो.”

मला भिंगरी म्हणणारा जगात एकच माणूस आहे. लहानपणी गरागरा फिरताना मी कोंबड्यांच्या खुराड्यात पडले होते, तेव्हापासून डेस मला तसं म्हणतो.

“काय म्हणालात?” मी विचारलं.

“कुठे काय? येतो म्हणालो.”

नऊ महिन्यांनी मिसेस टॅपस्कॉट म्हणाली, “माणूस चांगला होता. कुत्रे आता दोन लिहा.”

मी पोलिसांना कळवलं. ते जाऊन आले. खोली झाडलेली होती, पांघरुणांची घडी घातलेली होती, झटापटीची कुठलीही खूण नव्हती. मोठी माणसं आहेत बाई, जातात कुठेतरी, असं ते म्हणाले. मला मात्र भीती वाटत होती आणि ती कुणाला सांगण्याजोगी नव्हती. नाही म्हटलं असतं तर तिने दुसऱ्याकडून लिहून घेतलं असतं आणि तिथे कुणीतरी गेलंच असतं. म्हणून मी खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून भिकार जाहिरात लिहिली. ‘वॉरल डाउन्सला माणूस पाहिजे. मेहनती, प्रामाणिक. राहण्याची सोय.’ आलीच तर खोगीरभरती येईल आणि तिला मी नालायक ठरवून परत पाठवीन, असा माझा हिशेब होता.

अर्ज एकच आला. सोमवारी सकाळी डेस स्वतः तो घेऊन आला, भिंतीकडची खुर्ची सरळ केली आणि तिच्यावर बसला. बिस्किट त्याच्या पायाशी. वर्षभरात त्याचं बंदरावरचं काम गेलं होतं, बायको सोडून गेली होती, आणि फोनवर तो ‘चाललंय’ म्हणायचा ते मी खरं मानलं होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

“तिथे जायचं नाही, डेस.”

“का? तूच तर लिहिलंयस.”

“मुद्दाम वाईट लिहिलंय. कुणी येऊ नये म्हणून.”

तो टोपी गुडघ्यावर घासत हसला. “तुझ्या आधीच्या दोन्ही वाचल्या होत्या मी. दोन्ही वेळा वाटलं, जावं. पण असला भला माणूस मी नव्हे गं, तो कुणी दुसराच. यात काहीच नाही लिहिलेलं. नुसता माणूस पाहिजे. एवढं तर मी अजून आहे ना?”

“ते दोन्ही वेळा तूच होतास, डेस. तुला समोर बसवून लिहिलं मी.”

“मस्का नको लावूस, भिंगरी.”

मी त्याला टॉमीचं सांगितलं, क्लेमचं सांगितलं, कुत्र्यांचं सांगितलं. अर्ज पुढे पाठवणार नाही म्हणून फाडून टाकला. तो रागावला नाही.

“मी कालच फोन केला तिला. कुत्रा आहे का एवढंच विचारलं तिने. आहे म्हणालो, तर म्हणाली, मग प्रश्नच नाही.”

दर रविवारी तो टाकीच्या टेकडीवरून फोन करायचा. आवाज दिवसेंदिवस बरा वाटत होता, पहिल्यासारखा, आणि मी स्वतःला वेडी म्हणू लागले होते. पाचव्या रविवारी तो म्हणाला, “हे दोन कुत्रे माझ्याजवळ येत नाहीत गं. संध्याकाळी दाराबाहेर बसून खोलीतल्या खुर्चीकडे बघत राहतात. मी तिच्यावर बसलो तरी तसेच. कुणीतरी बसायचं अजून बाकी असल्यासारखे.”

“उद्याच्या उद्या परत ये.”

“एक पंप उघडून ठेवलाय. तेवढा संपवतो आणि येतो.”

सहाव्या रविवारी फोन आला नाही. मी केला तो लागला नाही. सोमवारी सकाळी गाडीची किल्ली न्यायला ऑफिसात शिरले, तोच टेबलावरचा फोन वाजला.

“बाई, जाहिरात लिहायची आहे.”

“डेस कुठे आहे?”

“माणूस चांगला होता.”

“माझा भाऊ कुठे आहे?” मी ओरडले.

तिच्या मागे कुत्रे भुंकत होते, आणि त्यांतल्या एकाचा आवाज तो पिल्लू असल्यापासून मी ओळखत होते.

“कुत्रे आता तीन लिहा,” ती म्हणाली.