पंधरावी स्टिक

"टुकटुक जिंकला तर माझी अर्धी मिशी तुझी," मी सलूनवाल्याला म्हटलं. "आणि आठवडाभर तसाच फिरेन."

"डावी की उजवी?"

"तू ठरव."

जिन्यात बसलेले सगळे खिदळले. टुकटुक म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचा गोल्फवाला. वय त्रेपन्न. फटका लांब जात नाही, सरळ मात्र जातो. तीस वर्षं व्यावसायिक खेळतोय, पण मोठी स्पर्धा एकही जिंकलेली नाही. यंदा संघटनेने कळवलं होतं, पुढच्या वर्षीपासून ज्येष्ठांमध्ये खेळा. त्याआधीची ही शेवटची मोठी स्पर्धा मारली, तरच आणखी पाच वर्षं तरण्यांबरोबर खेळायला मिळणार होतं.

त्याचा बॅग उचलणारा एका तरण्या खेळाडूकडे पळाला, म्हणून बॅग माझ्या खांद्यावर आली. मी नळ दुरुस्त करणारा, ओझ्याची सवय. पैज त्याला माहीत होती. "तुझ्या मिशीसाठी तरी जिंकतो," म्हणाला.

तीन दिवस संपले, तेव्हा गडी दोन फटक्यांनी पुढे! चौथ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी सकाळी त्याचं तोंड एवढंसं झालेलं. त्याला हसवायचं म्हणून मी माळ्यावरची त्याची पहिली, गंजकी स्टिक गुपचूप बॅगेत खुपसली.

"मोजल्यास?" त्याने विचारलं.

"मोजल्या की!"

पहिला होल झाल्यावर त्याने स्वतःच मोजल्या.

"पंधरा आहेत."

"एकावर एक फ्री!"

तो हसला नाही. चौदाच्या वर स्टिक चालत नाहीत. दोन फटके दंड. कुणी पाहिलं नव्हतं. मी ती गंजकी माझ्या पँटीत सरकवायला लागलो.

"काढ बाहेर," तो म्हणाला, आणि हात वर करून त्यानेच पंचाला बोलावलं.

आघाडी साफ. दोरीपलीकडून त्याची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "भावोजी, मिशी इतकी प्यारी होती?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "दादा, आईशप्पथ, पैजेसाठी नाही रे. बॅगेला दुसरा कुणी घे."

"रडतोस काय? चौदा उरल्यात ना? उचल."

त्यानंतर आमच्या जोडीला खेळणारा तो तरणा लांब फटक्यांनी आभाळ फाडत होता आणि आमचा टुक, टुक. जुना बॅगवाला खवचटपणे म्हणाला, "काका, खुर्ची आणू?"

"आण. तुझ्या साहेबाला लागेल."

शेवटच्या होलला दोघे बरोबरीत. मध्ये तळं. तरण्याने दुसऱ्याच फटक्यात चेंडू तळ्यापलीकडे, हिरवळीवर टाकला. टाळ्यांचा कडकडाट! आमचा दोन फटक्यांनंतरही तळ्याच्या अलीकडेच.

"आता?" मी विचारलं.

"आता काय, टुक."

चेंडू पाण्यावरून गेला, दोन टप्पे खाल्ले आणि होलमध्ये पडला. बरोबरी करायला तरण्याला एकाच फटक्यात चेंडू घालायचा होता. होलच्या काठावरून निसटला. वहिनी दोरी ओलांडून धावल्या.

रविवारी भर दुपारी सलूनवाल्याने खुर्ची थेट रस्त्यात मांडली. गल्ली लोटली. शिट्ट्या, मोबाईल, नुसता दंगा. त्याने डावी बाजू साफ केली आणि सगळ्यांना आरसा दाखवला.

तेवढ्यात टुकटुक जिना उतरून आला. बॅग माझ्या पायाशी ठेवली.

"झालं असेल तर चल. पुढच्या आठवड्यात मॅच आहे."

"असा? अर्ध्या मिशीने?"

"चेंडूला काय फरक पडतोय?"

तोंड झाकायला मी रुमाल आणला होता. त्यानेच मी गालावरचा साबण पुसला, बॅग खांद्यावर घेतली आणि गल्लीच्या मधोमध चालायला लागलो.